कॅलरी सारख्या, भूक वेगळी

वजन उतरवायचं ठरलं की पहिला वाद होतो तो तूप सोडायचं की भात, यावर. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये या वादाचा निकाल प्रसिद्ध केला. 609 जणांपैकी निम्म्यांना त्यांनी कमी स्निग्धांशाचा, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार सुचवला होता. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं. दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. एक सल्ला मात्र दोघांनाही होता: भाज्या भरपूर खा, साखर, मैदा आणि कारखान्यात बनलेले पदार्थ टाळा.

या सल्ल्याचं मोल पुढच्याच वर्षी संशोधक केविन हॉल यांच्या प्रयोगाने दाखवून दिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जण चार आठवडे मुक्कामाला राहिले. दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं अन्न. दोन आठवडे साधं, घरच्यासारखं. वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू जवळपास सारखे होते. हवं तितकं खायची मुभा होती, चवही दोन्हींची सारखीच आवडली. तरीही पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन सरासरी 0.9 किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच घटलं.

असं का झालं, याचे काही धागे हाती लागले आहेत. मऊ पदार्थ फारसे चावावे लागत नाहीत. पोट भरल्याची जाणीव मेंदूला होईपर्यंत बरंच खाऊन झालेलं असतं. शिवाय थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा: 100 ग्रॅम काकडीत जेमतेम 15 कॅलरी, तेवढ्याच ग्लुकोज बिस्किटांत सुमारे 450.

म्हणून उपाशी राहण्याआधी ताट बदलावं. कोशिंबीर आणि पालेभाजी वाढवावी. उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे रोज असावेत. प्रथिनांनी भूक लवकर शमते. गोड पेयांऐवजी पाणी किंवा ताक घ्यावं. चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे घ्यावेत. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे बदल डॉक्टरांना विचारून करावेत.

जाड माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ असं सुनावणं सोपं असतं. पण त्या 20 जणांचा मनोनिग्रह दोन आठवड्यांत बदलला नव्हता, बदललं होतं अन्न. घरातल्या एकाचं वजन उतरायला हवं असेल, तर वाण्याची यादी सगळ्या घराने मिळून बदलायला हवी.