दंतस्वच्छक, बालकांचा

दातांवरील जंतुथर व किटण काढणे, दात घासून गुळगुळीत करणे आणि मुखस्वच्छतेचे शिक्षण देणे ही कामे करणाऱ्या, परंतु दंतवैद्य नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीस दंतस्वच्छक म्हणतात. व्यवहारात डेंटल हायजिनिस्ट ही संज्ञा अधिक रूढ आहे. आज हा व्यवसाय मुख्यतः प्रौढांच्या हिरड्यांच्या विकारांशी जोडला जात असला, तरी त्याची पहिली मोठी कसोटी शाळकरी मुलांवरच झाली.

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट (कनेक्टिकट) येथील दंतवैद्य ॲल्फ्रेड फोन्स (१८६९–१९३८) यांनी १९०६ मध्ये आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले व १९१३ मध्ये पहिला वर्ग सुरू केला. त्यात तयार झालेल्या स्त्रियांपैकी काहींची नेमणूक १९१४ पासून शहरातील शाळांत झाली. न्यूझीलंडने १९२१ मध्ये निराळा मार्ग धरला. तेथील शालेय दंतपरिचारिकांना दात भरण्याची व दुधाचे दात काढण्याचीही मुभा होती. यामुळे दुर्गम भागांतील मुलांनाही उपचार मिळाले, ही गोष्ट मोठीच. तथापि मुलांनी शाळेतील त्या दवाखान्यांना ‘खूनघर’ असे नाव ठेवले. दंतस्वच्छकाच्या हाती दात कोरण्याचे यंत्र नसते. ही त्याची मर्यादा मानली जाते. बालकांच्या बाबतीत मात्र तेच त्याचे बळ होय, कारण दंतोपचाराचा पहिला अनुभव त्याच्याकडे वेदनेविना येऊ शकतो.

हा अनुभव कसा द्यावा याची ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत हॅरल्ड ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली. फिरता ब्रश प्रथम मुलाच्या नखावर चालवून दाखवितात व मगच दाताला लावतात. रंजकद्रव्याने जंतुथर रंगवून आरशात दाखविला, की मुलास आपण कोठे ब्रश फिरविला नाही हे उपदेशाविना कळते. दंतवैद्याच्या देखरेखीखाली फ्ल्युओराइडाचा लेप देणे व दाढांच्या खाचा राळेने बुजविणे ही कामेही अनेक देशांत दंतस्वच्छक करतात.

सर्वांत अधिक लक्ष सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेकडे द्यावे लागते. दुधाचा एकही दात न पाडता ती सर्वांत मागे उगवते. त्यामुळे पालक तिला दुधाची समजून ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात आणि आयुष्यभराची दाढ काही वर्षांतच किडते. म्हणून शिक्षण मुलाइतकेच आईवडिलांचेही असते. साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट पुरते.

भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतस्वच्छकाची व्याख्या करून त्याच्या नोंदणीची तरतूद केली. येथे दंतस्वच्छक प्रामुख्याने दंत महाविद्यालये, रुग्णालये व खाजगी दवाखान्यांत आढळतात, शाळेत क्वचितच. महाराष्ट्रात त्यांच्यापुढे दोन स्थानिक प्रश्न येतात. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड मुळातच जास्त असल्याने मुलांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत व अस्वच्छतेमुळे आलेले नसतात, हे मुलास दोष देण्यापूर्वी शिक्षकांना समजावून द्यावे लागते. अशा गावी फ्ल्युओराइड देण्यापूर्वी पाण्याची तपासणीही आवश्यक ठरते. दुसरा प्रश्न मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड घरातील मोठी माणसे दातांना लावतात आणि मुले ती दंतमंजन समजूनच उचलतात. [⟶ दंतवैद्यक].