मेंदूचा हिवताप : सूक्ष्म रक्तवाहिन्यांत काय घडते?



आपल्या बालाघाट जिल्ह्यातील बैहर, बिरसा हा वनपट्टा हिवतापासाठी परिचित आहे. जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य संशोधन संस्थेने येथे या रोगाचा अभ्यास केलेला आहे. देशात हिवताप बराच ओसरला असला, तरी त्याचा फाल्सिपेरम हा प्रकार अल्पावधीत प्राणघातक ठरू शकतो. त्याचे कारण आपल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत आहे.

हृदयातून निघालेले रक्त अखेरीस केशवाहिन्यांत पोहोचते व तेथेच पेशींना प्राणवायू मिळतो. या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की, ७ ते ८ मायक्रॉन व्यासाच्या तांबड्या पेशीलाही अंग आक्रसून पुढे सरकावे लागते. फाल्सिपेरमचा जंतू आत वाढू लागला की पेशी ताठर व चिकट होते आणि वाहिनीच्या भिंतीला धरून बसते. मेंदूत अशा असंख्य वाहिन्या तुंबल्या की रक्तदाब ठीक असूनही रुग्ण गुंगीत जातो, त्यास झटके येतात.

बोटातून घेतलेल्या रक्तात फिरते जंतूच दिसतात, अडकलेले दिसत नाहीत. म्हणून तपासणीत जंतू थोडे आढळले, तरी निश्चिंत राहू नये.

आर्टेसुनेटचे इंजेक्शन जंतूंना कोवळ्या अवस्थेतच, भिंतीला चिकटण्यापूर्वी मारते. भारतासह चार देशांतील १,४६१ गंभीर रुग्णांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्विनीन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी १५ टक्के दगावले.

पुष्कळ नातेवाईक सलाईनचा आग्रह धरतात. परंतु सलाईनने तुंबलेल्या वाहिन्या मोकळ्या होत नाहीत. उलट अधिक झाल्यास फुप्फुसांत पाणी साचते. आफ्रिकेतील ३,१४१ गंभीर तापाच्या बालकांच्या २०११ मधील अभ्यासात भराभर द्रव दिलेल्यांत मृत्यू अधिक झाले. त्याचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

तापात रुग्ण असंबद्ध बोलू लागला, गुंगला, झटके आले वा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसल्यास त्यास कुशीवर निजवावे. तोंडात पाणीही घालू नये. अंगारा लावावा, प्रार्थना करावी, परंतु त्यासाठी गाडी थांबवू नये. साध्या तापातही आशाताईंकडून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी, ही सर्वांना नम्र विनंती.