चार सिलिंडरचें मोटार-इंजिन व शक्तिवृद्धीचा हिशेब

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें उसाचे पैसे हातीं येतांच आपल्या जुन्या पेट्रोल मोटारीस टर्बोचार्जर बसवून घेतला. दोन महिने गाडी वाऱ्यासारखी धांवली. तिसऱ्या महिन्यांत घाट चढत असतां एका पिस्टनास भोंक पडून ती जागच्या जागीं उभी राहिली. यंत्र चांगलें होतें. चुकला होता तो हिशेब. माझी सारी नोकरी जमाबंदीच्या कागदांत गेली. त्यामुळें इंजिन उकलल्यावर जाणत्या मिस्त्रीकडून व पुस्तकांतून जें समजलें, तें हिशेबाच्याच वाटेनें शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहें.

इंजिनाची शक्ति पेट्रोलांत असते हा समज अर्धाच खरा आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. पिस्टन खालीं जातांना जेवढी हवा आंत शिरेल तेवढ्याच पेट्रोलाचा उपयोग होतो. अधिक ओतलेलें वायां जातें. म्हणून शक्ति वाढविणें म्हणजे प्रथम हवा वाढविणें होय. ही युक्ति स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं पेटंटांत मांडली. धुराच्या नळीवाटें जो तप्त वायु फुकट जातो, त्यानें एक चाक फिरवावयाचें व त्याच आंसावरील दुसऱ्या चाकानें ताजी हवा दाबून सिलिंडरांत भरावयाची. हा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर फिरतो.

जर्मनींतील बी. एम्. डब्ल्यू. कंपनीचें उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या १९६२ सालच्या ‘१५००’ मोटारीचें चार सिलिंडरचें इंजिन १४९९ घनसेंटिमीटरचें व ८० अश्वशक्तीचें होतें. त्याच घराण्यांतील दोन लिटरच्या इंजिनास १९७३ सालीं टर्बोचार्जर जोडून १३० अश्वशक्ति १७० वर नेण्यांत आली. मात्र तसें करतांना सिलिंडरांतील संपीडनाचें प्रमाण ९.५ वरून ६.९ वर उतरविलें, हें ध्यानांत ठेवावें. कारण दाबलेली हवा तापते. तें तप्त मिश्रण पिस्टनानें पुन्हा फार दाबलें, तर ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच तें कोपऱ्यांत आपोआप पेटतें व हातोडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. यास नॉकिंग म्हणतात. हाच पिस्टनाचा काळ.

पुढें त्याच लोखंडी ठोकळ्यावर उभारलेल्या १४९९ घनसेंटिमीटरच्याच शर्यतीच्या इंजिनानें सहाशेंहून अधिक अश्वशक्ति दिली व १९८३ सालीं नेल्सन पिके यानें त्याच्या बळावर जागतिक अजिंक्यपद मिळविलें. परंतु तें इंजिन शर्यत संपली कीं उकलून पुन्हा जुळवावें लागे. पहिलें ८० अश्वशक्तीचें इंजिन मालकाची सेवा वर्षानुवर्षें करी. वाढीव शक्तीचा कांहीं भाग आयुष्यांतून वजा होतो, तो असा.

आतां कामाचा क्रम. प्रथम चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. एक जरी उणा निघाला तरी पुढें जाऊं नये. मोठी वाढ हवी असल्यास ओतीव पिस्टन काढून घडीव पिस्टन व मजबूत कनेक्टिंग रॉड घालावे. दाबलेली हवा इंटरकूलरमधून नेऊन थंड करावी. टर्बोस स्वच्छ तेलाचा पुरवठा व तेल परतण्यास मोकळी वाट असावी. हवेच्या मानानें पेट्रोलचा पंप व इंजेक्टर मोठे घ्यावे. नंतर शक्ति मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवून कमी दाबापासून आरंभ करावा. पूर्ण भारावर मिश्रण १४.७ चें न ठेवतां सुमारें १२ चें, म्हणजे पेट्रोल अधिक असलेलें, ठेवावें व ठिणगी थोडी उशिरां द्यावी. नॉकिंग नाहीं अशी खात्री पटल्यावरच दाब थोडाथोडा वाढवावा.

पुतण्याच्या गाडींत दाब तेवढा वाढविला. इंजेक्टर जुनेच राहिले. चढणीवर पेट्रोल कमी पडलें, मिश्रण अति तापलें व पिस्टन वितळला. जमेची बाजू वाढली, खर्चाची तशीच राहिली, आणि तूट इंजिनानें भरून दिली.

आणखी एक गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. हें कलम मीं आधीं वाचावयास हवें होतें, इतकें कबूल केलें पाहिजे.

कारखान्यांतूनच टर्बो घेऊन आलेल्या मोटारी व ट्रॅक्टर आज पुष्कळांच्या अंगणांत आहेत. त्यांच्या धन्यांनीं दाबाचा स्क्रू कोणासही आवळूं देऊं नये, तेल वेळच्या वेळीं बदलावें, आणि जड कामावरून परतल्यावर इंजिन एकदोन मिनिटें मंद चालू ठेवूनच बंद करावें, म्हणजे तापलेल्या आंसावर तेल करपणार नाहीं.