खुर्च्या मोजल्या, खाती कोण मोजणार?

निवडणूक जवळ आली की दिल्लीच्या दरबारात जातींची मोजदाद सुरू होते. ७ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाचा मोठा खांदेपालट झाला. ४३ जणांनी शपथ घेतली. त्यांतले सात उत्तर प्रदेशातले होते आणि त्या राज्याची विधानसभा निवडणूक अवघ्या सात-आठ महिन्यांवर आली होती. लगोलग आकड्यांचे ढोल वाजू लागले. अनुसूचित जातींचे १२ मंत्री, जमातींचे ८, ओबीसींचे २७! आमच्या वस्त्यांतही अभिनंदनाचे फलक लागले.

आम्ही या आनंदाची टिंगल करणार नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वेशीत उभे राहू दिले नाही, त्याचा माणूस मंत्री होतो याचे मोल आम्ही जाणतो. पण बाबासाहेबांनी आम्हाला सत्तेत वाटा मागायला शिकवले, फोटोत जागा मागायला नव्हे. म्हणून आम्ही खुर्च्यांबरोबर खातीही मोजतो.

त्या १२ पैकी कॅबिनेट दर्जाचे मंत्री किती? दोन. वीरेंद्र कुमार यांना सामाजिक न्याय आणि पशुपती कुमार पारस यांना अन्नप्रक्रिया उद्योग. बाकीचे सारे राज्यमंत्री. रामदास आठवले ५ जुलै २०१६ च्या खांदेपालटात राज्यमंत्री झाले. २०२४ च्या नव्या सरकारातही ते राज्यमंत्रीच राहिले. २०२४ मध्ये पारस यांच्या जागी पुतणे चिराग पासवान आले, पण खाते तेच, अन्नप्रक्रियेचे! हा दोष एकाच पक्षाचा नाही. जगजीवन राम यांनी संरक्षण खाते सांभाळले, बुटा सिंग आणि सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री झाले. पण स्वातंत्र्यापासून आजवर अनुसूचित जातीचा एकही माणूस देशाचा अर्थमंत्री झालेला नाही. तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे यावरून ओळखावे.

हे दुखणे जुने आहे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती आणि हिंदू कोड बिल गुंडाळून ठेवण्यात आले होते. पण त्यांच्या राजीनाम्याच्या निवेदनात केवळ तेवढेच नाही. अर्थशास्त्राचे एवढे पंडित असूनही नियोजनाचे खाते त्यांना आश्वासन देऊन दिले गेले नाही. परराष्ट्र आणि संरक्षण समित्यांत त्यांना घेतले नाही. आर्थिक व्यवहार समितीतले नावसुद्धा निषेध नोंदवल्यावर कायम झाले. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला जात नाही, हीही त्यांची तक्रार होती. तो कालेलकर आयोग नेमला गेला जानेवारी १९५३ मध्ये, बाबासाहेब मंत्रिमंडळाबाहेर पडल्यानंतर! खुर्ची आहे पण निर्णयात वाटा नाही, हे कळताच त्यांनी खुर्ची सोडली.

आता २०२१ कडे पुन्हा पाहा. २७ ओबीसी मंत्र्यांचा गाजावाजा होऊन तेरा दिवस झाले नाहीत तोच, २० जुलैला सरकारने लोकसभेत सांगितले की जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतर जातींची गणना न करण्याचे धोरण ठरले आहे. म्हणजे मंत्र्यांच्या जाती मोजायच्या, पण जनतेच्या मोजायच्या नाहीत! पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी हेच सरकार जातगणनेला तयार झाले. तेव्हा बिहारची निवडणूक जवळ आली होती. मंत्री तेव्हाही होते, नंतरही होते. धोरण हलले ते लोकांच्या रेट्याने आणि मतांच्या भीतीने.

दुसरे उदाहरण आमच्या हक्काच्या पैशाचे. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवायचा, हे तिचे साधे सूत्र. पण २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत हाच निधी वळवल्याचे उघड झाले. आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला. केंद्राने मात्र केलेला नाही. काँग्रेसने केला नाही, भाजपनेही केला नाही. कुठल्याही खांदेपालटाच्या वेळी या कायद्याची घोषणा झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणि त्या खुर्च्यांचे पुढे काय झाले? २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातून अनुसूचित जातींचे तीन राज्यमंत्री केले गेले. त्यांपैकी कौशल किशोर आणि भानुप्रताप वर्मा हे दोघे २०२४ मध्ये राखीव मतदारसंघांतूनच पडले. मतदाराने त्यांची जात पाहिली नाही, संविधानाचे काय होणार ते पाहिले. आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला दिल्लीच्या पंडितांपेक्षा राजकारण अधिक कळते ते असे!

निवडणुका येतील, खांदेपालट होतील, फलकही लागतील. फलक लावणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे, की हार घालण्याआधी नव्या मंत्र्याला तीन प्रश्न विचारा. साहेब, खाते कोणते मिळाले? त्याला पैसा किती? आणि धोरण ठरते त्या बैठकीत तुमचा आवाज चालतो का? उत्तर मिळाले तर हार जरूर घाला. नाही मिळाले, तर १९५१ चे ते निवेदन त्यांच्या हाती द्या.