छत्र आहे, स्वार नाही : बौद्ध शिल्पातील चिन्हभाषा

सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावर, मधल्या आडव्या पाटीवर, राजपुत्र सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाचा प्रसंग कोरलेला आहे. कपिलवस्तूच्या वेशीतून कंथक अश्व बाहेर पडतो. टापांच्या आवाजाने नगर जागे होऊ नये म्हणून देवांनी त्याचे खूर हातांवर तोलून धरले आहेत. सेवक छन्न त्याच्यावर छत्र धरून चालला आहे. परंतु अश्वाच्या पाठीवर कोणीही नाही. हाच देखावा डावीकडून उजवीकडे ओळीने चार वेळा येतो. पाटीच्या उजव्या टोकाशी छत्र अश्वाला सोडून दोन पदचिन्हांवर जाते आणि छन्न त्या पदचिन्हांपुढे नमलेला दिसतो. नंतर अश्व व छन्न परत फिरतात. या परतणाऱ्या अश्वावर मात्र छत्र नाही.

एवढ्या एका फरकाने सारी कथा सांगून होते. छत्र असलेल्या अश्वावर सिद्धार्थ आहे, छत्र नसलेल्या अश्वावर तो नाही. दोन्ही अश्वांच्या पाठी दगडात सारख्याच रिकाम्या आहेत, तरीही पाहणाऱ्याला एक पाठ भरलेली व दुसरी रिकामी दिसते. शिल्पकाराला मानवाकृती साधत नव्हती, असे म्हणण्यास जागा नाही, कारण त्याच पाटीवर स्त्रीपुरुषांची दाटी आहे. वगळणे हा येथे पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे.

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास घडलेल्या या तोरणांपैकी दक्षिण तोरणावर एक लहानसा लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी येथील ‘रूपकम्म’ केले, असे तो सांगतो. आज ज्याला आपण डिझाइन म्हणतो, त्यासाठी याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. हस्तिदंतावर काम करणाऱ्याला जागा नेहमीच अपुरी असते. थोडक्यात पुष्कळ सांगण्याची सवय या रूपकारांच्या हाताला आधीपासूनच असावी.

चिन्ह अर्थ कसा वाहते, याची मांडणी करताना अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. काही चिन्हे सादृश्याने बोलतात, जसे चित्र. काही प्रत्यक्ष संबंधाने बोलतात, जसा धूर अग्नीची खबर देतो. काही केवळ लोकसंमत संकेताने बोलतात, जसे शब्द. सांचीच्या त्या एका पाटीत तिन्ही प्रकार एकत्र आले आहेत. अश्व सादृश्याने अश्व आहे. छत्र हा राजत्वाचा व पूज्यतेचा संकेत आहे. पदचिन्ह हे दुसऱ्या प्रकारचे, आणि माझ्या मते सर्वांत अर्थगर्भ चिन्ह होय. पाऊल उमटले आहे म्हणजे कोणीतरी येथे होता, आणि पाऊलच उरले आहे म्हणजे तो पुढे गेला आहे. ‘तथागत’ या शब्दाचा एक अर्थ ‘तसा गेलेला’ असा केला जातो, हे येथे सहज आठवते.

परतणाऱ्या अश्वाचा अर्थ मात्र त्या अश्वात नाही. तो आधीच्या चार अश्वांपासून असलेल्या भेदात आहे. बौद्ध तर्कशास्त्राचा आचार्य दिङ्नाग याने अपोह सिद्धांतात शब्दाविषयी हेच प्रतिपादन केले. ‘गाय’ हा शब्द गाईहून भिन्न असलेल्या सर्व गोष्टींची व्यावृत्ती करून अर्थ देतो. रूपकारांनी दिङ्नागाच्या काही शतके आधी हे तत्त्व दगडात वापरले होते.

भेदाचा असाच उपयोग वृक्षांच्या बाबतीत झाला आहे. सांची व भरहुत येथे गौतमांसह सात बुद्ध सात वृक्षांनी दाखविले आहेत. पिंपळ असेल तर गौतम बुद्ध, वड असेल तर काश्यप बुद्ध, उंबर असेल तर कनकमुनी बुद्ध. त्यामुळे पान चुकले तर बुद्धच बदलतो. शिल्पकारांनी पानांचे आकार इतक्या काटेकोरपणे का कोरले, याचे उत्तर येथे मिळते. आपल्याकडील अनेक छापील चित्रांत बोधिवृक्ष म्हणून कोणतेही डेरेदार झाड रंगविलेले दिसते, तेव्हा या कारागिरांची आठवण होते.

चिन्ह वाचण्यात मतभेद होऊ शकतात. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही चिन्हे बुद्धमूर्तीऐवजी येतात असे मांडले. १९९० मध्ये सुसान हंटिंग्टन यांनी त्याला आव्हान दिले. त्यांच्या मते यातील पुष्कळ दृश्ये पवित्र स्थळांच्या व अवशेषांच्या वंदनेची आहेत. विद्या दहेजिया यांनी पुढील वर्षी उत्तर दिले की एकच चिन्ह कधी व्यक्ती, कधी स्थळ, कधी गुणविशेष सुचवू शकते. हा शेवटचा पक्ष मला अधिक ग्राह्य वाटतो. १८७३ मध्ये कनिंगहॅमला सापडलेल्या आणि आज कोलकात्याच्या संग्रहालयात असलेल्या भरहुतच्या कठड्यावर राजा अजातशत्रू पदचिन्हांकित आसनापुढे नमलेला आहे, आणि जवळच ब्राह्मी लिपीत कोरले आहे : ‘अजातसतु भगवतो वंदते’. राजा भगवंतांना वंदन करतो, असे लेख म्हणतो. आसनाला वंदन करतो, असे म्हणत नाही. निदान या दृश्यात तरी शंकेला फारसा वाव उरत नाही.

आधुनिक काळात ही चिन्हे पुन्हा नव्या रूपकारांच्या हाती आली. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभशीर्षावरील चक्र आले. पंडित नेहरूंनी सभेत दिलेले एक कारण निव्वळ रूपकाराचे होते. ध्वजाच्या दुसऱ्या बाजूने चरख्याची चाती उलटी दिसते. चक्र दोन्हींकडून सारखेच राहते.

त्याच स्तंभशीर्षावरून २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा स्वीकारली गेली. मुळात चार सिंहांच्या माथ्यावर एक मोठे धम्मचक्र होते. उत्खननात त्याचे केवळ तुकडे मिळाले. म्हणजे सिंह हे चक्राचे वाहक होते, आणि चारी दिशांना घुमणारा तो सिंहनाद तथागतांच्या पहिल्या धम्मोपदेशाचा होता. राजमुद्रेत सिंहच सर्वांत वर आहेत, चक्र त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर आहे. भग्नावशेष जसा मिळाला तसा घेतला गेला आणि अर्थाचा क्रम उलटा झाला. सिंह तेच राहिले, पण धम्माची घोषणा करणारे सिंह राज्यसत्तेचे सिंह म्हणून वाचले जाऊ लागले.

आपल्या निमंत्रणपत्रिकांवर कधी आठ आऱ्यांचे, कधी चोवीस आऱ्यांचे चक्र छापले जाते. आठ आरे आर्य अष्टांगिक मार्गाचे, हा संकेत सर्वपरिचित आहे. चोवीस आऱ्यांचा अर्थ प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा अंगांचा अनुलोम व प्रतिलोम क्रम असा लावला जातो. अशोकाच्या कारागिरांनी स्वतः तो कोठे लिहून ठेवलेला नाही. सांचीच्या चक्रांत आरे आठाहून कितीतरी अधिक आहेत. तेव्हा आऱ्यांच्या संख्येवरून वाद घालण्यापेक्षा, छापणाऱ्याला आपण कोणते चक्र व कशासाठी छापतो हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. वास्तुकार शिवदान मल यांनी सांचीचे अर्धगोल अंड घेतले, परंतु प्राचीन स्तूप भरीव असतो, हा पोकळ आहे. सांचीला उपासक स्तूपाबाहेरून प्रदक्षिणा करतो. आतील धातूपर्यंत त्याला जाता येत नाही. येथे चारही दिशांना दारे आहेत, आणि पूर्वी ज्यांना पाणवठ्यावर व देवळाच्या उंबरठ्यावर अडविले जाई त्यांची नातवंडे थेट स्तूपाच्या गर्भात जाऊन उभी राहतात.