रोजच्या बोलण्यातले अलंकार (लेखांक ११) : वाढलेली बांगडी

उत्प्रेक्षा आणि भ्रांतिमान यांच्यातील सरहद्दीचा तंटा या आठवड्यात निकालात काढण्याचे अभिवचन मी दिले होते, आणि त्यासाठी लागणारी टिपणेही सिद्ध होती. परंतु मध्यंतरी वाईच्या एका वाचक भगिनींचे पत्र येऊन दाखल झाले आणि त्याने माझा सारा बेत उधळून लावला. मुख्यार्थबाधाची गेल्या खेपेची कसोटी त्यांना पसंत पडली, ती त्यांनी घरातल्या घरात लावून पाहायला आरंभ केला, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याशीच त्या अडखळल्या. ते वाक्य असे : 'हातातली बांगडी वाढली.' बांगडी फुटली असता ती वाढली म्हणायचे, ही उपमा नव्हे, रूपक नव्हे, अतिशयोक्ती तर नव्हेच. मग हे प्रकरण कोणत्या खात्यावर मांडावे? सूनबाईंचे म्हणणे असे की यात अलंकार कसला, ही नुसती जुनी समजूत. सासूबाईंना ते कबूल नाही, आणि निवाडा माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. सासू-सुनेच्या वादात पंच होऊन बसण्याइतका मी अननुभवी नाही. तथापि प्रश्न असा नामी आहे की उत्प्रेक्षेला आठवडाभर तहकूब करणे मला भाग आहे.

शब्दाचा सरळ अर्थ अडला, म्हणजेच मुख्यार्थाला बाध आला, की मन त्याच्या एखाद्या संबंधी अर्थाकडे धाव घेते, आणि या धावेलाच लक्षणा म्हणतात, एवढे आपण पाहिलेच आहे. हा संबंध सादृश्याचा असला म्हणजे 'अगदी बैल आहेस तू' असे वाक्य जन्मास येते. साहचर्याचा असला म्हणजे भर रस्त्यात सभ्य गृहस्थ 'ए रिक्षा!' अशी हाक मारतात. आणि आजवर कोणत्याही रिक्षाने नव्हे, तर तिच्यातल्या माणसानेच मान बाहेर काढून 'कुठं जायचंय?' असे विचारले आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट 'काव्यप्रकाशा'त भाले आत शिरत असल्याचे उदाहरण देतो, तेव्हा तेथेही शिरतात ती भालेकरी माणसेच. परंतु बांगडीचे फुटणे आणि वाढणे यांत ना सादृश्य, ना साहचर्य. त्यांच्यात संबंध आहे तो वैपरीत्याचा, आणि वैपरीत्य हाही एक संबंधच होय, हे आपल्या साहित्यशास्त्रकारांनी मोठ्या मार्मिकतेने हेरून ठेवले आहे. त्यांनी या व्यापाराला विपरीत लक्षणा असे नाव दिले.

तिची नेहमीची उदाहरणे मात्र उपरोधाची असतात. ऐन वेळी दगा देणाऱ्या स्नेह्याला आपण म्हणतो, 'फार उपकार केलेत हो!', जेवणाची पाने उठल्यावर उगवणाऱ्या पाहुण्याला म्हणतो, 'या, लवकर आलात!' येथे शब्द स्तुतीचे आणि आशय निंदेचा, आणि ऐकणाऱ्याला तो कळतो तो मुख्यतः आवाजाच्या हेलकाव्यावरून, ज्याला शास्त्रात काकु अशी संज्ञा आहे (ऱ्हस्व उकाराची, दीर्घ ऊकाराच्या काकूंचा येथे संबंध नाही, जरी अशी वाक्ये त्यांच्या तोंडी अधिक शोभत असली तरी). आता 'बांगडी वाढली' हे वाक्य कोणी म्हणताना ऐका. त्यात हेल नाही, तिरका कटाक्ष नाही. आवाज सपाट, किंबहुना थोडा दबलेला. यंत्र तेच, परंतु ते फिरते उलट्या दिशेने : उपरोधात चांगला शब्द बोचावा म्हणून वापरतात, आणि येथे चांगला शब्द वापरतात तो वाईट शब्दाची बोच कोणाला लागू नये म्हणून. काव्यदोषांच्या प्रकरणात अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले आहेत, लज्जा उत्पन्न करणारे, किळस उत्पन्न करणारे आणि अमंगळ सुचविणारे. यांपैकी तिसऱ्याचा परिहार करण्याच्या कामी आमच्या माजघरांनी जी दक्षता दाखविली आहे, ती पुष्कळ कवींनाही साधलेली नाही.

या एका 'वाढणे' क्रियापदाचा कारभार केवढा विस्तृत आहे पाहा. मंगळसूत्राचा दोरा तुटला की मंगळसूत्र वाढते. करंड्यातले कुंकू संपत नाही, ते वाढते. जुना दुकानदार रात्री फळ्या लावून दुकान 'बंद' करीत नसे, ते वाढवीत असे. आणि हा संकेत आपल्यापुरताच नाही, कारण हिंदी मुलखातही दिवा आणि दुकान ही दोन्ही 'बढ़ाना' याच क्रियेने आटोपली जातात. देवापुढचा नारळ तर सर्वत्र वाढविला जातो, आणि समारंभाच्या वृत्तांतात त्याचे श्रीफळ होऊन ते मान्यवरांच्या हस्ते वाढते. याच नारळाची दुसरी गतीही वाचकांना ठाऊक आहे : चाकरीतून ज्याला बडतर्फ केले त्याला 'नारळ मिळाला'. मानाने निरोप देताना नारळ हाती ठेवण्याची जी रीत, तिचा आडोसा घेऊन केलेली ही हकालपट्टी. येथे मात्र विपरीत लक्षणेपेक्षा पर्यायोक्ताचे, म्हणजे सांगायची गोष्ट थेट न सांगता वळणाने सूचित करण्याचे, अंग अधिक आहे.

मात्र अमंगळाला टाळणारे प्रत्येक वाक्य विपरीत लक्षणेच्याच दप्तरी नोंदविता येत नाही. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. वरवर पाहता हा 'वाढली'चा सख्खा भाऊ वाटतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो तसा सांगितलाही जातो. मला ते पटत नाही. 'येतो' या शब्दामागे 'जाऊन येतो' असे पूर्ण वाक्य उभे आहे, त्यातला नकोसा अर्धा भाग तेवढा गिळलेला आहे. हा अध्याहार झाला, लक्षणा नव्हे. येणे हा शब्द येथे आपला स्वतःचाच अर्थ सांगतो. बांगडीच्या वाक्यात कोणताही शब्द घालून पाहा, फुटलेली बांगडी वाढल्याचे खरे करता येणार नाही.

कित्येकदा तर वाक्य तेच राहते आणि ऐकणारा बदलला की अलंकार बदलतो. 'कावळा शिवला' हे दोन शब्द घ्या. दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड ठेवून ताटकळलेल्या मंडळींपैकी कोणी हे शब्द उच्चारले, तर ती शुद्ध अभिधा आहे. कावळा खरा, शिवणे खरे, आणि मंडळींनी टाकलेला सुटकेचा निःश्वासही खरा. तेच शब्द पूर्वीच्या घरात आई चार दिवस वेगळी का बसली आहे, म्हणून विचारणाऱ्या लेकराला सांगितले जात, तेव्हा खरे कारण दडवून दुसरेच पुढे करणारी ती व्याजोक्ती असे, आणि ते लेकरू बिचारे त्या कावळ्याला अंगणभर शोधीत फिरे. आणि शेजारीण शेजारणीला तेच सांगे, तेव्हा दडविण्यासारखे दोघींत काहीच नसल्यामुळे व्याजोक्ती लटकी पडून तिचे पर्यायोक्त होई. व्याकरणाच्या पुस्तकांतून अलंकारांची उदाहरणे सुटी वाक्ये म्हणून छापली जातात, त्याविषयी माझी जी जुनी तक्रार आहे ती हीच : कोण कोणाला बोलले हे कळल्यावाचून वाक्याला खाते नेमून देणे हा नुसता पंक्तिप्रपंच आहे.

'देवी आल्या' हे याहून गहन आहे. ज्या पिढीने त्या भयंकर रोगाला देवता मानून ओटी भरली, लिंबाचे डहाळे टांगले, घरात फोडणीचा वास बंद केला, तिच्या लेखी या वाक्यात मुख्यार्थाला बाध कोठे होता? देवी खरोखरीच घरी आल्या होत्या. ज्याची श्रद्धा नव्हती, त्याच्याच लेखी तेवढी लक्षणा. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, तरी दंडावरचा तो गोल वण दाखवून वडीलधारी माणसे आजही 'देवी काढल्या होत्या' असेच म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या मनात ना देवता असते, ना रोग.

येथून सूनबाईंच्या आक्षेपाकडे वळता येते, आणि तो मी समजलो होतो त्यापेक्षा वजनदार आहे. त्यांना म्हणायचे असे की जे वाक्य लहानपणापासून कानावर पडून गुळगुळीत झाले, त्यात अलंकार उरतोच कोठे? हा वाद जुना आहे. मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला : मूळ अर्थ कुश नावाचे दर्भ तोडून आणणारा, आणि हात कापून न घेता ते तोडण्यास लागणाऱ्या चातुर्यावरून निपुण. चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने यावर हरकत घेतली की, बाबा रे, व्युत्पत्ती वेगळी आणि व्यवहारातला अर्थ वेगळा. गाय या अर्थाचा 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून 'गाय निजली' येथेही तू लक्षणा मानणार काय? मला या मुकदम्यात विश्वनाथाची बाजू बळकट वाटते. परंतु तिच्या आधारे सूनबाईंच्या बाजूने हुकूमनामा देण्यापूर्वी एक चौकशी अवश्य केली पाहिजे : टाळलेला शब्द अजून बोचतो काय?

वास्तुशांतीच्या दिवशी कोणी 'नारळ फोडा' म्हणाले तर गुरुजी दचकत नाहीत; प्रचाराचा नारळ तर वर्तमानपत्रे बिनदिक्कत फोडतात. तेव्हा नारळाचे वाढणे हे आता नुसते वाढणेच, ती लक्षणा मावळली. दिव्याची गोष्ट मधली आहे : समई विझली म्हणताना अजून जीभ किंचित अडते, ती शांत होते, पण विजेच्या दिव्याच्या बाबतीत 'लाइट गेली' असे आपण खुशाल ओरडतो, आणि बल्ब वाढव असे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बांगडीचे मात्र निराळे. वैधव्य आल्यावर हातातल्या बांगड्या फोडण्याचा तो क्रूर विधी ज्यांनी पाहिला किंवा नुसता ऐकला, त्यांच्यासमोर नळाखाली भांडी घासताना फुटलेल्या दोन पैशांच्या काचेलाही 'फुटली' म्हणून पाहावे. 'वाढली म्हण गं' ही दुरुस्ती तत्काळ कानी येईल. जोवर ही दुरुस्ती करणारे कोणी घरात आहे, तोवर त्या घरात ही विपरीत लक्षणा जिवंत आहे. सबब वाईच्या दाव्याचा निकाल असा की बांगडीपुरता सासूबाईंचा पक्ष खरा आणि नारळापुरता सूनबाईंचा. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

उत्प्रेक्षेचे काय, असे नियमित वाचक विचारतील. ती पुढच्या आठवड्यात नक्की घेतली असती. पण नागपूरच्या एका वाचकांनी 'ऊन मी म्हणत होतं' या वाक्यातला 'मी' नेमका कोण, असे विचारून ठेवले आहे, आणि वैशाख तोंडावर असताना तो प्रश्न पावसाळ्यापर्यंत लांबविणे मला प्रशस्त वाटत नाही.