निमंत्रक कोण?

लग्न ठरले की घरात दोन याद्या होतात, एक बोलावण्यांची आणि दुसरी खरेदीची. लग्नपत्रिका बहुतेक घरांत खरेदीच्या यादीतूनच उरकली जाते. मुंबईकर गिरगावच्या खाडिलकर रोडवर जातात, पुणेकर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. दुकानदार कार्डांचा ढीग मांडतो. गणपती सोनेरी हवा की लाल, पाकीट उभे की आडवे, यावर तासभर खल होतो. मजकुराचा विषय निघाला की तो एक जाडजूड फाईल पुढे सरकवतो आणि म्हणतो, “यातला सात नंबर घ्या, सगळे तोच नेतात.” मजकूर पाच मिनिटांत ठरतो.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कार्ड लग्नानंतर रद्दीत जाते. मजकूर म्हणजे मात्र घराने चारचौघांत केलेले निवेदन असते. आमच्या घरी कार्य आहे आणि ते आम्ही करीत आहोत, हे त्यात सांगितलेले असते. यातले ‘आम्ही’ म्हणजे कोण, हा खरा प्रश्न आहे.

उभी हयात बँकेत गेलेल्या माणसाला कागद हाती आला की आधी सही पाहण्याची सवय असते. पत्रिकेतही माझी नजर आधी ‘आपले नम्र’कडे जाते. वडील हयात असतील तर फारसा प्रश्न नसतो. ते नसतील तर पत्रिका चुलत्याच्या, मामाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने निघते. वधू ‘कै. अमुक यांची कन्या’ असते. तिच्या आईला त्या कागदावर जागाच नसते.

अशा कितीतरी आया माझ्या टेबलासमोर बसून गेल्या आहेत. नवऱ्यामागे नोकरी करून किंवा शिवणकाम करून त्यांनी मुले वाढवली. मुलीचे लग्न निघाले की कोणी मुदत ठेव मोडी, कोणी पाटल्या तारण ठेवून कर्ज घेई. फॉर्मवर, व्हाउचरवर, करारावर सही तिचीच. महिन्याभराने पत्रिका हाती येई, तेव्हा तीत निमंत्रक म्हणून चार-पाच नावे असत. त्यांतल्या एकाचीही सही आमच्या कागदांवर नसे. कर्जदार आई आणि निमंत्रक दीर, असा तो हिशेब!

यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. ‘पद्धत आहे’ एवढेच उत्तर मिळते. कित्येकदा आई स्वतःच म्हणते, “शुभकार्य आहे, माझे नाव नको.” म्हणून ‘नाव घालू का?’ असे तिला विचारू नये. नाव घातलेला मसुदाच तिच्यापुढे ठेवावा. आधी ‘श्रीमती’ हवे, ‘गं. भा.’ हवे की काहीच नको, एवढे तिने ठरवावे.

काळ हलतो आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. पुढे 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. सरकारी कागदावर आई आली. घरच्या पत्रिकेवर यायला तिला शासन निर्णयाची वाट पाहावी लागू नये.

दुसरे टोक नावांच्या गर्दीचे. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात संयोजक, प्रमुख उपस्थिती, समस्त भावकी आणि शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी किलबिल, अशी पत्रिका मतदारयादीसारखी होते. तरीही एखादे नाव राहते आणि तोच पाहुणा मांडवात रुसतो. यावर उपाय एकच. नियम करावा आणि तो दोन्ही घरांना सारखा लावावा. आजी-आजोबा आणि आई-वडील, पुढे कोणी नाही. नियमाचा राग येतो, पण तो एकट्या कोणाला येत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. मसुदा घरी करावा, मग कार्ड पाहावे. पत्रिका माणसे मोजून छापायच्या नसतात, घरे मोजून छापायच्या असतात. चारशे पाहुण्यांना दीडशे-पावणेदोनशे पुरतात. वर पंचवीस जास्त घ्याव्यात, कारण मागाहून थोड्या छापायच्या तरी जुळणीचा खर्च पुन्हा येतो. प्रूफ घरच्याने वाचू नये. त्याला छापलेले दिसत नाही, मनातले दिसते. तारीख आणि वार कॅलेंडर समोर ठेवून ताडावेत. नावे आधार कार्डाप्रमाणे पूर्ण लिहावीत, कारण महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली तरी मजकुराची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती छपाईपेक्षा लांब पोहोचते.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवण्याची आपली रीत आहे. कोणी कुलदैवताला पाठवतो, कोणी पुण्यात कसबा गणपतीपुढे ठेवतो. कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्यापूर्वी तो कागद एकदा सावकाश वाचावा. ज्या माणसाने हे कार्य उभे केले, त्याचे नाव त्यात असले म्हणजे झाले.